नाताळचे ताट आणि मित्राची आठवण

गोव्यात नाताळच्या दिवसांत शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे नेवऱ्या, दोदोल, बेबिंक यांची ताटे जातात. वाचकहो, ते ताट पाहून आपल्या घरचे आजोबा गप्प झाले, तर ते पथ्यामुळेच असे समजू नये. दरवर्षी ताट घेऊन येणारा त्यांचा मित्र यंदा नसेल. त्याचे नाव टाळू नका. जेवताना त्याची एखादी आठवण आजोबांनाच सांगू द्या. मनात कोंडलेल्या दुःखाने वृद्धांची भूक आणि झोप हरपू शकते.

जेवणाच्या वेळेकडेही लक्ष असावे. २४ डिसेंबरला मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर जेवायचे असेल, तर इन्सुलिनची वेळ डॉक्टरांना आधीच विचारा. जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते. गोडाचा लहानसा तुकडा पुरे, पण तो सर्वांसोबत बसून खाऊ द्या.