कोपराचा चुरा झाला तर

देवळाली प्रवरेच्या ऊसपट्ट्यात बांधावरून पाय घसरला, की माणूस हात टेकतो आणि सारा भार कोपरावर येतो. अनेक मोडी प्लेट-स्क्रूने जुळतात. पण अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या, म्हणजे रेडियसच्या, डोक्याचे तीनहून अधिक तुकडे झाले, तर तिथे धातूचे डोके बसवणे बरेचदा हिताचे ठरते. म्हातारपणी ठिसूळ झालेल्या दंडाच्या हाडाचे खालचे टोक चुरडले, तर धातू आणि पॉलिथिलीनचा अख्खा सांधाच बसवता येतो. मात्र त्या हाताने आयुष्यभर जड उचलायचे नाही. भरलेली घागर तर नाहीच. हे घरच्यांना शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट सांगायला हवे. कोपर फार लवकर आखडते, म्हणून डॉक्टरांनी सांगताच हालचाल सुरू करावी. जोरकस मालिश कटाक्षाने टाळावी. लोणीला प्रवरा ग्रामीण रुग्णालय असताना हाडवैद्याकडे वेळ दवडू नये.