खानदेशांतील मतदार : १९२० ते १९५२

खानदेश जिल्ह्याचे १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. जळगांव व धुळें हीं त्यांचीं मुख्य ठाणीं. तेथील निवडणुकांत कोण निवडून आला यापेक्षां मत कोणास होतें, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

१९१९ च्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्यांतील ग्रामीण मतदारास सामान्यतः ३२ रुपये शेतसाऱ्याची अट होती. अर्थात् अल्प जमिनीचीं कुळें, शेतमजूर व सातपुड्यांतील भिल्ल बहुतांशीं यादीबाहेर राहिले. १९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसनें बहिष्कार घातला. स्त्रियांस मताधिकार १९२१ सालीं मिळाला, तरी साऱ्याची अट सुटली नाहीं.

१९३५ च्या कायद्यानें ही मर्यादा ८ रुपयांवर आली. परंतु १७५ जागांच्या विधानसभेंत मागासलेल्या जमातींस सबंध प्रांतांत एकच राखीव जागा होती. डिसेंबर १९३६ मध्यें पूर्व खानदेशांतील फैजपुरास काँग्रेसचें पहिलें ग्रामीण अधिवेशन भरलें. १९३७ च्या आरंभीं मतदान झालें. अधिवेशनास लोटलेला समाज व यादींतील मतदार एकच नव्हेत, हा भेद अभ्यासकानें विसरूं नये.

सार्वत्रिक प्रौढ मतदान १९५१-५२ सालीं झालें. तत्पूर्वींचे निकाल अवघ्या खानदेशाचा कौल न मानतां, मुख्यतः सारा भरणाऱ्यांचा कौल म्हणूनच वाचले पाहिजेत.