संगणकांतील फोल्डर उघडत नाहीं तेव्हां

मिहानच्या आसपास राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांस संगणक ही नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांच्या कचेऱ्या येथेंच आहेत. आणि शिवणगांव, खापरी या ज्या गांवांच्या जमिनी ह्या प्रकल्पाकरितां घेतल्या गेल्या, तेथील पुष्कळ घरांत सातबाऱ्याचे उतारे, जातीचे दाखले, मुलांच्या गुणपत्रिका यांच्या प्रती पेनड्राइव्हवर ठेविलेल्या असतात. अशा घरीं एखादे दिवशीं फोल्डर उघडेनासें झालें कीं धांदल उडते, आणि त्या धांदलींत जें केलें जातें त्यानेंच बहुधा खरी हानि होते. म्हणून या विषयाची थोडी फोड करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम फोल्डर म्हणजे काय तें पाहूं. पेशवे दप्तरांतील कागद रुमालांत बांधून ठेवीत. रुमाल म्हणजे कागदांचें गाठोडेंच. संगणकाच्या पडद्यावर फोल्डरचें चित्र झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ यंत्रानें 1981 सालीं आणिलें, तेव्हांपासून आपणही तें गाठोडेंच समजतों. वस्तुतः ती एक यादी आहे. अमुक नांवाचा मजकूर डिस्कवर अमुक ठिकाणीं आहे, एवढेंच तींत नोंदलेलें असतें. ग्रंथालयाची यादी सांपडली नाहीं म्हणून कपाटांतील पुस्तकें जळालीं असें कोणी मानीत नाहीं. तोच न्याय येथें लावावा.

सगळींच फोल्डरें अडत असतील, अथवा उघडून लगेच मिटत असतील, तर दोष फोल्डरांचा नव्हे. तीं दाखविणारा ‘विंडोज एक्सप्लोरर’ हा कार्यक्रम अडला आहे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबाव्या, टास्क मॅनेजरमध्यें त्याचें नांव शोधावें आणि ‘रिस्टार्ट’ म्हणावें. शेंकडों छायाचित्रांचें एकच फोल्डर रेंगाळत असेल तर तेथें प्रत्येकाचें लहान चित्र तयार होत असतें. ‘डिटेल्स’ हा प्रकार निवडला कीं काम हलकें होतें.

आपल्याकडे अधिक गांठ पडते ती विषाणूशीं. झेरॉक्सच्या दुकानांत पेनड्राइव्ह लावून घरीं आणला, आणि प्रत्येक फोल्डरच्या डाव्या कोपऱ्यांत लहानसा बाण दिसूं लागला, तर समजावें कीं खरें फोल्डर लपविलें गेलें असून त्याच्या जागीं तोतया बसला आहे. त्यावर टिचकी मारणें म्हणजे चोरास स्वतः दार उघडून देणें होय. कधीं बाणही नसतो. अशा वेळीं ‘टाइप’ या रकान्यांत ‘फाइल फोल्डर’ याऐवजीं ‘ॲप्लिकेशन’ असें लिहिलेलें आढळतें. 2010 सालीं तर असे बाणाचें चित्र नुसतें पडद्यावर आलें तरी विषाणु शिरेल अशी खिंड विंडोजमध्यें सांपडली होती. त्याच वर्षीं ऑगस्टांत मायक्रोसॉफ्टनें ती बुजविली. उपाय असा: आधीं विंडोजमधील डिफेंडरकडून पेनड्राइव्ह तपासून घ्यावा. मग फोल्डर ऑप्शन्समध्यें लपविलेल्या वस्तु दाखविण्याची खूण करावी आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ ही खूण काढावी. नाहींशीं झालेलीं फोल्डरें फिकट रंगांत पुढें येतात. तीं दुसरीकडे उतरून घ्यावीं, व काम होतांच ती खूण पूर्ववत् करावी.

जुन्या संगणकाची डिस्क नव्यास जोडली असतां ‘ॲक्सेस डिनाइड’ असें उत्तर येतें. तेथें कुलूप शाबूत आहे, मालक मात्र बदलला आहे. संगणकाचा मुख्य खातेदार ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’ या भागांत मालकी आपल्याकडे घेऊं शकतो. मजकूर सांकेतिक रूपांत ठेविला असेल तर मात्र मूळ किल्लीवांचून गत्यंतर नाहीं.

मराठी नांवांचीही एक अडचण आहे. विंडोजमध्यें पूर्वापार संपूर्ण मार्गाला, म्हणजे फोल्डरांत फोल्डर अशा सर्व नांवांना मिळून, 260 चिन्हांची मर्यादा आहे. ‘विद्यार्थी’ या शब्दांत आपण तीन अक्षरें मोजतों. संगणक प्रत्येक वेलांटी, काना व हलन्त निराळा धरून दहा मोजतो. (शुद्धलेखनांत हा शब्द चुकणाऱ्या मुलांस संगणकाची बाजू पटेल.) लांबलचक मराठी नांवें एकाच्या पोटांत एक घातलीं कीं मर्यादा लवकर ओलांडली जाते, आणि सर्वांत आंतील फोल्डर उघडत अथवा हलत नाहीं. वरच्या फोल्डरांचीं नांवें आंखूड केलीं कीं बहुधा तें मोकळें होतें.

शेवटीं त्या एका प्रश्नाविषयीं. पेनड्राइव्ह लावतांच संगणक विचारतो कीं ही डिस्क फॉरमॅट करावयाची काय? यादी वाचतां आली नाहीं म्हणून तो नवी कोरी यादी घालूं पाहतो. कागद हवे असतील तर ‘कॅन्सल’ म्हणावें, त्यावर नवीन कांहींही लिहूं नये, आणि दुसऱ्या संगणकावर लावून पाहावें. डिस्क दुरुस्त करणारे कार्यक्रमही मजकुराची प्रत निघाल्यावरच चालवावे. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊं लागला तर तत्काळ वीज बंद करून ती जाणत्याच्या हातीं द्यावी. पुनःपुन्हां चालू करून पाहिल्यानें आंतील चकतीवर ओरखडे वाढण्याचा संभव असतो.