एकट्याचें पहिलें उड्डाण

विमानविद्या शिकणाऱ्याच्या आयुष्यांत एक दिवस असा येतो, कीं त्या दिवशीं त्याचा गुरु विमानांतून खालीं उतरतो. सन १९२९ मध्यें हिंदुस्थानांतील पहिला वैमानिक-परवाना मिळविणारे जे. आर. डी. टाटा अवघ्या पावणेचार तासांच्या शिक्षणानंतर एकटे उडाले.

त्या काळच्या ‘मॉथ’ विमानांत शिक्षक पुढें व विद्यार्थी मागें बसे. शिक्षक उतरतांना आपल्या बैठकीचे पट्टे घट्ट बांधून ठेवी. ते सैल राहिल्यास सुकाणूच्या दांड्यांत अडकण्याचें भय असे. मग विद्यार्थ्यासमोर उरे ती रिकामी बैठक. एका माणसाचें वजन कमी झाल्यामुळें विमान लवकर जमीन सोडतें, झपाट्यानें चढतें, आणि उतरतांना अधिक वेळ तरंगत राहतें. ओळखीचें विमानही त्या दिवशीं अनोळखी होतें! आणि एकदां वर गेल्यावर स्वतःच उतरल्यावांचून गत्यंतर नाहीं.

मैदानावर उभ्या असलेल्या गुरूस आतां कांहींच करतां येत नाहीं. त्याची परीक्षा आधींच झालेली असते. तो फार लवकर उतरला तर शिष्याचा घात होतो. उतरलाच नाहीं तर शिष्य वैमानिक होत नाहीं. आम्हां शिक्षकांस व पालकांसही हाच दिवस ओळखावयाचा असतो.