स्टॅव्ह्यूडिनचं दशक

एचआयव्हीवर उपचार देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रांवर तीन औषधं एकत्र असलेली टीएलडीची गोळी आली आणि विषाणू दाबण्यात तिने आधीच्या औषधांना मागे टाकलं, याबद्दल वाद नाही. पण तिच्यातल्या डोल्युटेग्राव्हिरने बायकांचं वजन पुरुषांपेक्षा जास्त वाढतं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या 'ॲडव्हान्स' चाचणीत २०१९ मध्येच दिसलं होतं. तरी कुणा बाईने कंबर सुटल्याची तक्रार केली, की 'तब्येत सुधारली, चांगलंच आहे' म्हणून तिची बोळवण होते. ही बोळवण जुनीच आहे.

१९८६ साली चेन्नईत भारतातल्या पहिल्या एचआयव्हीबाधितांची नोंद झाली. पुढची पंधरा-सोळा वर्षं पोस्टर, परिषदा आणि भीती यांत गेली, ती सोडून देऊ. २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू झाले. त्या तीन औषधांत स्टॅव्ह्यूडिन होतं. त्याने पेशींतली ऊर्जायंत्रणा बिघडायची, चरबीच्या थरात दाह व्हायचा आणि चरबी झडायची. गाल बसायचे, हातापायांच्या शिरा वर यायच्या, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पोट मात्र सुटायचं. तळव्यांची आग व्हायची, पायातली चप्पल निसटली तरी कळायचं नाही. रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा जीवघेणा धोकाही बायकांना जास्त. नवऱ्यामागे आजार लपवून जगणाऱ्या बाईचं गुपित हे गालच गावाला सांगून टाकत. सोबतच्या नेव्हिरॅपिनची तऱ्हा निराळी: सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींची संख्या, २५० च्या वर असलेल्या बाईच्या यकृताला त्याचा धोका कमी सीडी-फोरवाल्या बाईपेक्षा सुमारे बारापट, असा इशारा २००५ मध्ये अमेरिकेत दिला गेला. स्टॅव्ह्यूडिन आवरतं घ्या, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितलं; आपल्याकडे ते हटायला आणखी काही वर्षं गेली.

'तेव्हा दुसरं परवडत नव्हतं, माणसं तर वाचली ना?' वाचली, आणि ते श्रेय काढून घेता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दाह मुळात विषाणूच माजवतो, गोळ्या नव्हे. तेही खरं. २००६ च्या 'स्मार्ट' चाचणीत औषध मध्येच थांबवलेल्यांत दाहाच्या खुणा वाढल्या, मृत्यूही वाढले. म्हणून गोळी सोडा असं कुणी म्हणणार नाही. पण गोळी सोडता येत नाही, म्हणूनच तिचा त्रास नोंदवणं भाग आहे. ती जन्मभर घ्यायची आहे. बाईची तक्रार वहीत उतरलीच नाही, तर औषध बदलायला आधार कुठून यायचा?

हा दाह आणि वाढतं वजन यांमुळे आता प्रश्न हृदयाचा आहे. २०२३ च्या 'रिप्रीव्ह' चाचणीत कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या पिटाव्हास्टॅटिनने एचआयव्हीबाधितांतल्या हृदयविकाराचे मोठे झटके आणि तत्सम घटना ३५ टक्क्यांनी घटल्या. भारतातले रुग्णही तीत होते. मात्र जगातल्या एचआयव्हीबाधितांत निम्म्याहून जास्त बायका असताना या चाचणीत त्या एक तृतीयांशाहूनही कमी. चाळिशी ओलांडलेल्या बाईला गोळ्यांची बाटली देताना तिचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कंबरेचा घेर दरवेळी लिहून घ्यायला कुठल्याही नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.