लाइन म्हणालात, पण कुठली?

ग्वाल्हेरच्या बिर्ला नगरात कुणी 'तुमची लाइन कुठली?' असं विचारलं, तर नोकरीधंद्याची माहिती द्यायला लागू नका. त्याला तुमचं घर कुठे आहे एवढंच हवंय. घनश्यामदास बिर्लांनी 1921 मध्ये ग्वाल्हेरात जियाजीराव कॉटन मिल काढली, सगळ्यांच्या तोंडातली 'जेसी मिल'. कामगारांसाठी ओळीने घरं झाली आणि ओळींची नावं ठेवताना कुणी डोकं शिणवलं नाही. लाइन नंबर 1, लाइन नंबर 2, असं पुढे. मिल गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद पडली, पत्त्यातली लाइन मात्र अजून आहे.

हाच प्रश्न मुंबईत विचारा, उत्तर येईल 'वेस्टर्न', 'सेंट्रल' नाहीतर 'हार्बर'. लग्नाच्या बैठकीत विचारा, 'मुलगा कॉम्प्युटर लाइनला आहे.' मराठवाडा-विदर्भातल्या खेड्यांत तर प्रश्नच वेगळा. तिथे 'लाइन आहे का?' म्हणजे वीज आहे का, आणि 'लाइन गेली' म्हणजे पिठाची गिरणी बंद, डबा घरी न्या.

अर्थांच्या शर्यतीत इंग्रजीतली 'लाइन' पहिली मात्र नाही. ऑक्सफर्डच्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे 430 अर्थ होते. पुढे त्याला 'रन'ने मागे टाकलं. संपादक पीटर गिलिव्हर यांनी कित्येक महिने त्या एका क्रियापदावर घालवले आणि अर्थ भरले 645. 'रन'चा विषय निघालाय तर ग्वाल्हेरने गप्प का बसावं? पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक इथल्याच कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर झालं, 24 फेब्रुवारी 2010 रोजी. सचिन तेंडुलकर नाबाद 200. कोशाला गाठायला अजून 445 हवेत!

मूळ निघालं जवसात

'लाइन'चं कूळ मोठं गमतीचं आहे. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो तेच. त्याच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याची दोरी ती 'लिनेआ', आणि ताणलेल्या दोरीसारखं जे जे सरळ ते सगळं 'लाइन'. त्याच जवसाची इतर पोरंबाळं बघा: लिनन, कोटाचं लायनिंग म्हणजे अस्तर, दुकानात मराठी माणूस ज्याचं नाव खालच्या आवाजात घेतो ते लाँजरी, आणि जवसाच्या तेलापासून बनणारं फरशीवरचं लिनोलियम. वनस्पतीचं शास्त्रीय नावच 'लिनुम युसिटाटिसिमुम', म्हणजे अतिशय उपयोगी जवस. हे नाव ठेवणाऱ्या लिनीअस महाशयांच्या शब्दनिवडीला तोड नाही. तर सूतगिरणीच्या कामगारांची घरं ज्या शब्दाने ओळखली जातात तो शब्दच मुळात सूत! ठरवून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

आता आपला गवंडी आठवा. भिंत सरळ यावी म्हणून तो 'लाइनदोरी' लावतो. म्हणजे झाली दोरीदोरी. पावरोटीच्या पंगतीला बसवावा असा शब्द आहे, आणि तरी 'लाइनदोरी' म्हटल्याशिवाय मिस्त्रीला कामाला हात घालता येत नाही. उभ्या सरळपणासाठी त्याच्याकडे ओळंबा असतो, तिथे मात्र इंग्रजीची डाळ शिजली नाही.

छावणीतून आलेली लाइन

घरांच्या ओळीला 'लाइन' म्हणायची सवय फौजेची. इंग्रजांच्या छावणीत शिपायांच्या तंबूंच्या नाहीतर बराकींच्या रांगा म्हणजे 'लाइन्स'. तिथूनच पोलीस लाइन, नागपूरची सिव्हिल लाइन्स आणि आसामच्या चहामळ्यांतल्या लेबर लाइन आल्या. मुंबईच्या मरीन लाइन्सचा समुद्राच्या रेषेशी काही संबंध नाही. मरीन बटालियनच्या बराकी तिथे होत्या, म्हणून ते नाव. ग्वाल्हेरला तर हे सगळं घरचंच. दौलतराव शिंद्यांचा तळ 1810 मध्ये इथे पडला, तो उठलाच नाही, त्याचंच शहर झालं, नाव राहिलं लष्कर.

मध्य प्रदेशातल्या हिंदी वर्तमानपत्रांत फौजदार 'लाइन हाजिर' होतो. म्हणजे ठाण्यावरून उचलून पोलीस लाइनीत बसवला. महाराष्ट्रात हाच गृहस्थ 'कंट्रोलला जमा' होतो. त्रास सारखाच.

'डेडलाइन'चा जन्म याहून भयंकर. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत एक हद्द आखली होती, ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. दिवाळी अंकांचे संपादक तुलनेने फारच मवाळ.

छोटी, मोठी आणि चांदीची

ग्वाल्हेरकर रेल्वेचे दोन प्रकार सांगतो: बडी लाइन आणि छोटी लाइन. छोटी म्हणजे ग्वाल्हेर ते श्योपूर, रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट आणि लांबी सुमारे दोनशे किलोमीटर. शिंद्यांच्या संस्थानाने घातलेली ही गाडी 2020 पर्यंत धावत होती. माधवराव महाराजांना आगगाडीचं वेड इतकं, की जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरही त्यांनी रूळ टाकले. चांदीची छोटी गाडी पाहुण्यांसमोरून ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरे. याहून छोटी लाइन कुठे असेल?

'लाइन क्लिअर' हाही रेल्वेचाच शब्द. पुढच्या स्टेशनापर्यंतचा मार्ग मोकळा आहे, गाडी सोडायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. आता वडील बाहेर गेले की पोरं एकमेकांना तोच निरोप देतात.

मग मराठीत काय म्हणायचं?

एकच शब्द सगळीकडे चालवणं हा इंग्रजीचा काटकसरी स्वभाव. आपण उधळे. माणसं उभी असली तर रांग, बसून जेवत असली तर पंगत. अक्षरांची ओळ, पेन्सिलीची रेघ, भूमितीची आणि तळहाताची रेषा, बगळ्यांची माळ, नांगराचं तास, कपाळावरची सुरकुती, केसांतला भांग. राजांची 'लाइन' असेल तर घराणं, आणि ग्वाल्हेरात घराणं म्हटलं की राजांच्या आधी ख्याल आठवतो. कवितेची 'लाइन' मराठीत ओळच. ती लिहिणारे भा. रा. तांबे याच शहराचे राजकवी. यांतल्या निम्म्या शब्दांची सुट्टी आपण स्वतःच मंजूर केली आहे. बँकेत 'रांगेत या' असं सांगणारा शिपाई तुम्हाला शेवटचा कधी भेटला?

सूत मात्र अजून नेटाने उभं आहे. सुतार म्हणजे मुळात सूत्रधार, सूत धरणारा. त्याच्या मापात एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वठणीवर आलेला माणूस सुतासारखा सरळ होतो, तोच हल्ली 'लाइनीवर येतो'. दोन्हीकडे ताणलेला धागा एकच.

राहता राहिलं 'लाइन मारणं'. कॉलेजच्या कट्ट्यावर याला अजून चोख मराठी प्रतिशब्द सापडलेला नाही. 'डोळा मारणं' फार धीट, 'प्रियाराधन' म्हणेपर्यंत मुलगी बस पकडून घरी पोचते. पण समजा प्रयत्न फळाला आला, तर पुढच्या पायरीला मराठीत जुनाच शब्द आहे: सूत जुळलं!