शीग लावलेली पायली आणि किलो

लग्नात उंबरठ्यावरचे माप ओलांडून आपण सासरी आलो, ते तांदळाने भरलेले होते. ते किती ग्रॅमचे, असे कुणी विचारले होते का? शेर, पायली ही आपली घरची मापे. किलो मात्र परदेशातून आलेला, थेट फ्रान्समधून बरं का!

मैत्रिणींनो, त्याची गोष्ट धान्याच्या भांडणाची आहे. फ्रान्समध्ये पूर्वी गावागणिक माप वेगळे. जमीनदार कुळाकडून धान्य घ्यायचा ते स्वतःच्या मापाने, पुष्कळदा शीग लावून. १७८९ साली राजाकडे गेलेल्या गाऱ्हाण्यांत ‘सगळीकडे एकच माप असू द्या’ ही मागणी ठिकठिकाणी होती.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून मोहफुले, चारोळी घेऊन बाजारात येणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको. पायली घेणाऱ्याच्या हातात; घेताना शीग, देताना सपाट. शेजारच्या बस्तरात तर चारोळीच्या बदल्यात मापाला माप मीठ देत. चारोळीचा भाव आपल्याला ठाऊक आहे, मिठाचाही! आणि खरं सांगायचं तर, ‘बाई, वर थोडं घाल ना’ असं आपणही म्हणतोच.

फ्रेंच विद्वानांनी ठरवले, माप कुणा राजाचे नको, पृथ्वीचेच घ्यावे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. त्यासाठी देलांब्र आणि मेशँ हे दोघे १७९२ पासून सहा-सात वर्षे डंकर्क ते बार्सिलोना मोजणी करत हिंडले. दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल डब्यात मावणारे पाणी एक लिटर, आणि त्याचे वजन एक किलो. १७९५ मध्ये कायदा झाला, तरी लोक जुनी मापे सोडीनात. सक्ती झाली ती १८४० मध्ये. आपल्याकडे कायदा १९५६ चा, आणि १९६२ पासून देशभर किलो सक्तीचा झाला. तेंदूपत्ता मात्र अजून मोजूनच घेतात, सत्तर पानांचे एक पुडके.

आता आजीच्या वहीतले लोणचे घालायचे असेल, तर शेर म्हणजे किलो धरू नका हं. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, पावशेर सुमारे २३३ ग्रॅमचा. किलोच्या हिशेबाने मीठ घातलेत तर खारट होईल. पायलीचे तर किलोच करू नका. ते भरायचे माप. ओली मोहफुले आणि वाळलेली, पायली तीच, वजन वेगळे.